साक्षीला न आलेली आई : 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधील एका अनुपस्थित पात्राचा विचार

प्रस्तावना

मराठी मनातील आईची जी प्रतिमा आहे तिचे एक प्रमुख उगमस्थान रत्नागिरी जिल्ह्यात आहे. दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव. त्यांच्या मातोश्री यशोदाबाई १९१७ मध्ये निवर्तल्या. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली व १९३५ मध्ये ती प्रकाशित झाली. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ही आई अक्षरशः घरोघरी पोहोचली. या पुस्तकाने मराठी वाचकाला आईकडे पाहण्याची एक दृष्टी दिली. पोहायला जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला आई मारते, तेव्हा त्या मारामागचे प्रेम वाचकाला विनासायास कळते. आईची प्रत्येक कृती वात्सल्यातूनच उगम पावते, हे गृहीतक त्या वाचनात अंतर्भूत असते.

परंतु ज्या आईच्या घरात मुलावर अत्याचार होतो आणि जी तो थांबवत नाही, तिचे वाचन कसे करावयाचे? 'श्यामची आई' हा मापदंड लावला तर ती राक्षसी ठरते. स्त्रीच्या पराधीनतेचा मापदंड लावला तर ती स्वतःच बळी ठरते आणि तिच्याविषयीचा प्रश्नच मिटतो. साहित्याच्या वर्गातील चर्चा बहुधा या दोन टोकांमध्ये हेलकावत राहते. पहिल्या निवाड्यात खरा अत्याचारी विसरला जातो, तर दुसऱ्यात मूल विसरले जाते. विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातील लीला बेणारेच्या आईच्या निमित्ताने अशा निवाड्याची काही न्याय्य पद्धत असू शकते काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

नाटकातील पुरावा

'रंगायन'ने १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेत सादर केलेले हे नाटक अरविंद देशपांडे यांनी दिग्दर्शित केले होते व सुलभा देशपांडे यांनी बेणारेची भूमिका केली होती. एका खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आलेली मुंबईची मंडळी वेळ घालवण्याकरिता एक लुटूपुटूचा खटला उभा करतात आणि शिक्षिका असलेल्या बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड करू लागतो, हे सर्वपरिचित आहे.

या खटल्यात कर्णिक एक ऐकीव माहिती सांगतो. चौदा-पंधरा वर्षांची असताना बेणारेचे सख्ख्या मामाशी संबंध आले होते आणि त्यातून तिने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. ही माहिती ऐकताच न्यायालय सुखावते. आरोपीचा वर्तमानच नव्हे तर भूतकाळही कलंकित असल्याचा पुरावा म्हणून ती नोंदवली जाते. मामा कोण होता, त्याचे वय काय होते, तो आज कोठे आहे, असा एकही प्रश्न विचारला जात नाही. नाटक लिहिले गेले त्या काळी भारतीय दंड संहितेतील संमतीवयाची मर्यादा १९४९ च्या दुरुस्तीनुसार १६ वर्षे होती. साक्षीतून समोर आलेली घटना ही आरोपीने केलेला गुन्हा नसून आरोपीवर झालेला गुन्हा असू शकतो, हे वकिली करणाऱ्या सुखात्म्यांच्याही ध्यानात येत नाही. येथे उल्लेखनीय बाब अशी की, समीक्षेतही हा प्रसंग बऱ्याचदा बेणारेचे 'पहिले प्रेम' किंवा 'निषिद्ध प्रेम' म्हणूनच नोंदवला जातो. ती स्वतः त्याला प्रेम म्हणते हे खरे. परंतु चौदा वर्षांच्या मुलीने वापरलेला शब्द हा तिच्या अज्ञानाचा पुरावा आहे, तिच्या संमतीचा नव्हे.

आईचा उल्लेख येतो तो बेणारेच्या अखेरच्या प्रदीर्घ स्वगतात, आणि तोही ओझरता. शिस्तीच्या, कडक घरात वाढणाऱ्या मुलीच्या जवळ आला तो मामाच. त्याने तिच्या उमलत्या वयाचे कौतुक केले. आपण करतो ते पाप आहे हेही तिला ठाऊक नव्हते, हे सांगताना ती आईचीच शपथ घेते. तिने लग्नाचा आग्रह धरला तेव्हा घरातील सर्व विरोधात गेले आणि त्या सर्वांत आईही होती. मामा पळून गेला. मुलीने घराच्या कठड्यावरून स्वतःला झोकून दिले. आईविषयीचा पुरावा एवढाच आहे. आईला आधी काही कळले होते काय, कळल्यावर ती भावाला काय म्हणाली, पडलेल्या मुलीला कोणी उचलले, याविषयी संहिता मौन पाळते.

तथापि या तुटपुंज्या पुराव्यातही दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली, ज्या आईने तिला राखले नाही तिचीच शपथ बेणारे निरागसतेची ग्वाही म्हणून घेते. मुलीच्या मनातून आईचे स्थान ढळलेले नाही, आणि याच क्षणी तिचे रडणे लहान मुलीसारखे होते. दुसरी, हे स्वगत रंगमंचावरील कोणीही ऐकत नाही. न्यायालयाने तिला बोलण्यास दिलेले दहा सेकंद सरतात तेव्हा तिने एक शब्दही उच्चारलेला नसतो, कारण ते बोलणे घड्याळाच्या काळाबाहेर, इतर सर्व पात्रे निश्चल असताना घडते. आईविरुद्धची ही एकमेव तक्रार फक्त प्रेक्षकापर्यंत पोहोचते. त्यामुळे निवाड्याची जबाबदारीही प्रेक्षकावरच येते.

विरोध आणि संरक्षण

आईचा विरोध चुकीचा होता, असे म्हणता येत नाही. ज्याने अजाण मुलीचा गैरफायदा घेतला त्याच्याशीच तिचे लग्न लावून देणे म्हणजे अन्यायाला कायमचे घर देणे ठरले असते. मात्र विरोध कोणासाठी केला जातो, हा प्रश्न उरतो. घराचे नाव राखण्यासाठी केलेला विरोध आणि मुलीला राखण्यासाठी केलेला विरोध बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतील फरक नंतरच्या कृतीत दिसतो. मुलीसाठी विरोध करणारी आई लग्नाला नकार देऊन थांबत नाही, ती मुलीला जवळ घेते. येथे तसे घडल्याची खूण नाही. 'सर्व' एका बाजूला आणि मुलगी एकटी दुसऱ्या बाजूला, अशीच या घराची मांडणी स्वगतातून दिसते. आईचा दोष असेल तर तो नकारात नाही. त्या 'सर्वां'त सामील होण्यात आहे.

हा भेद स्पष्ट होण्यासाठी मराठी रंगभूमीवरील आणखी एका आईकडे पाहणे उपयुक्त ठरेल. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) मध्ये कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी शारदा वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो. बालविवाहाचा, त्यातही जरठकुमारी विवाहाचा हा प्रश्न आजच्या भाषेत बालकाच्या शोषणाचाच प्रश्न आहे. शारदेची आई इंदिराकाकू या व्यवहाराला विरोध करते. तिचे मन मुलीच्या बाजूने आहे, याविषयी प्रेक्षकाला शंका राहत नाही. परंतु तिच्या विरोधाने काहीही थांबत नाही. विवाह मोडतो तो कोदंडाच्या खटपटीने आणि वधूवर सगोत्र असल्याच्या कारणाने. म्हणजेच मुलीचे दुःख हे विवाह थांबवण्यास पुरेसे कारण नव्हते. गोत्र हे पुरेसे कारण होते. शारदाही अखेरीस प्राण द्यावयास निघते.

दोन्ही नाटकांत सुमारे सात दशकांचे अंतर आहे, तरी दोन्हींत मुलगी मरणाकडे वळते आणि दोन्हींत तिला अडवणारा हात आईचा नाही. मात्र इंदिराकाकू अपयशी ठरली तरी मुलीला एकटी पाडत नाही. तिचे अपयश सामर्थ्याचे आहे; बेणारेच्या आईचे अपयश, जेवढे संहितेतून दिसते तेवढ्यावरून, निष्ठेचे आहे. आईला वाचवता आले नाही यापेक्षा आई माझ्या बाजूला नव्हती, ही जखम अधिक खोल असते.

आईला काय शक्य होते?

निष्ठेचा प्रश्न सामर्थ्याच्या प्रश्नापासून सर्वस्वी वेगळा काढता येत नाही. इंदिराकाकूच्या काळात विवाहाच्या किमान वयाचा कायदाच नव्हता. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याने १२ वर्षांची मर्यादा घातली होती, पण ती शरीरसंबंधापुरती होती. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवणारा कायदा १९२९ मध्ये आला. तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो व त्याचे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले आहे. देवलांच्या नायिकेशी असलेले नामसाधर्म्य योगायोगाचे आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि 'त्याच्यानंतर' माता, असा क्रम लावला. बेणारेचे नाटक रंगमंचावर आले तेव्हा हाच कायदा होता. पित्याच्या हयातीतही योग्य प्रसंगी माता पालक ठरू शकते, हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला तो १९९९ मध्ये, लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात. आईकडून संरक्षणाची अपेक्षा करणाऱ्या समाजाने संरक्षणाचा अधिकार मात्र तिच्याकडे फार उशिरा सोपवला.

कायद्याहून सूक्ष्म असे आणखी एक बंधन आहे, आणि ते मामा या नात्याशी निगडित आहे. मराठी बालगीतांतला मामा हा सर्वांत लाडका नातेवाईक. मामाचे गाव म्हणजे सुट्टीतला स्वर्ग. आईच्या दृष्टीने तर भाऊ म्हणजेच माहेर. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा देशभर मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने. त्यापूर्वीच्या काळात सासरी काही बिनसले तर परतायचे ते भावाच्या दारी, भाऊबीजेचे ताट ज्याच्यापुढे धरायचे त्याच्याच आधारावर. अशा भावाविरुद्ध बोलणे म्हणजे स्वतःच्या पायाखालची शेवटची जमीन काढून घेणे होते. नाटक या गोष्टींची चर्चा करीत नाही. परंतु तेंडुलकरांनी चुलता, शेजारी किंवा शिक्षक न निवडता मामा निवडला, त्यामुळे आईचे मौन या अर्थाने भारलेले आहे.

तरीही परिस्थितीची ही यादी म्हणजे दोषमुक्तीचा दाखला नव्हे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'रथचक्र' (१९६२) मधील 'ती' याच दापोली परिसराच्या मातीतली. नवऱ्याने वाऱ्यावर सोडलेली, एकत्र कुटुंबात दबलेली ही निनावी स्त्री मुलांच्या शिक्षणासाठी घर सोडून बाहेर पडते. तिच्या हाती कायदा नव्हता, पैसा नव्हता, माहेरचे बळही नव्हते. तिने भोगलेली किंमत पाहता प्रत्येक आईने असेच करावे, असा दंडक घालणे क्रूरपणाचे होईल. परंतु दुसरा मार्ग अस्तित्वातच नव्हता, हा युक्तिवादही 'ती'च्या उदाहरणापुढे टिकत नाही.

दोन अन्य आया

बेणारेची आई गप्प का राहिली असेल, याचे एक संभाव्य उत्तर महेश दत्तानी यांच्या 'थर्टी डेज इन सप्टेंबर' (२००१) या इंग्रजी नाटकात सापडते. तेथेही अत्याचारी मामाच आहे. मोठी झालेली माला आईवर, शांतावर, थेट आरोप करते की तुला सर्व ठाऊक होते. लहानपणी दुखते म्हणून सांगायला आलेल्या मुलीला शांता खाऊ घालीत असे. अन्न हेच उत्तर, अन्न हेच मौन. नाटकाच्या उत्तरार्धात उलगडते की, शांता स्वतः बालपणी याच भावाच्या अत्याचाराची शिकार होती आणि पुढे आर्थिक आधारासाठीही त्याच्यावरच अवलंबून होती. या खुलाशाने आईचे मौन समजते. परंतु दत्तानी मालाचा आरोप खोटा ठरवीत नाहीत. आईची वेदना आणि मुलीचा आरोप दोन्ही एकाच वेळी खरे राहतात.

टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या कादंबरीतील पॉलीन ब्रीडलव्ह याहून कठोर उदाहरण आहे. नवऱ्याने अत्याचार केलेल्या मुलीचे, पेकोलाचे, म्हणणे ती खरे मानत नाही. ज्या गोऱ्या कुटुंबात ती कामाला आहे तेथील लहान मुलीला ती मायेने जवळ घेते, आणि त्याच स्वयंपाकघरात चुकून भांडे सांडलेल्या पोटच्या मुलीला मारते. असे असूनही मॉरिसन तिला तिची स्वतःची कहाणी सांगू देतात : पायातले व्यंग, एकटेपणा, चित्रपटांनी शिकवलेले सौंदर्याचे निकष. वाचकाला पॉलीन समजते. मात्र ती समजल्यामुळे पेकोलाचे उद्ध्वस्त होणे तसूभरही कमी होत नाही. कारण समजणे आणि क्षमा करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, व दुसरी करण्याचा अधिकार असेल तर तो मुलाचा आहे, वाचकाचा नव्हे.

शांता आणि पॉलीन यांना जे मिळाले ते बेणारेच्या आईला मिळालेले नाही. तिला नाव नाही, संवाद नाही, भूतकाळ नाही. तेंडुलकरांचा रोख ढोंगी मध्यमवर्गीय समाजावर असल्याने ही रचना नाट्यदृष्ट्या समर्थनीय आहे. परंतु समीक्षकाने तिच्यावर अंतिम शिक्का मारताना ही मर्यादा ओळखणे क्रमप्राप्त ठरते.

निवाड्याची पद्धत

विशेष म्हणजे, चुकीचा निवाडा कसा होतो याचा वस्तुपाठ याच नाटकाने घालून दिला आहे. काशीकर न्यायाधीश असूनही आसन सोडून स्वतःच साक्ष देतात. सुखात्मे फिर्यादी आणि बचाव अशा दोन्ही बाजू चालवतात, म्हणजे बचाव नावापुरताच उरतो. ज्यांच्यामुळे सर्व घडले ते प्रा. दामले आणि मामा दोघेही गैरहजर असतात. पिंजऱ्याकडे बेणारेला ओढून नेणारी मिसेस काशीकर ही रंगमंचावरची दुसरी एकमेव स्त्री असते. मातृत्वाच्या पावित्र्याचे सुभाषित उद्धृत करणारे हे न्यायालय शेवटी शिक्षा सुनावते ती पोटातील जीव नष्ट करण्याची. भ्रूणहत्येच्या आरोपाचा शेवट भ्रूणहत्येच्या आदेशात होतो.

यावरून अपयशी आईच्या निवाड्यासाठी चार पथ्ये निघतात. पहिले, अत्याचार करणारा गैरहजर असताना आईवर खटला चालवू नये. दोषाचा पहिला आणि मोठा वाटा त्याचा, हे प्रत्येक वाचनात नोंदवले जावे. दुसरे, बचाव मनापासून ऐकावा. आईला काय ठाऊक होते आणि तिच्या हाती काय होते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. तिसरे, न्यायाधीशाने साक्षीदार होऊ नये. वाचकाने स्वतःच्या मनातली 'श्यामची आई' पुरावा म्हणून सादर करू नये. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, निवाड्याचा भार मुलावर पडू नये. 'घराण्याची अब्रू' हा निकष वापरताच शिक्षा मुलाला होते, हे बेणारेच्या बाबतीत दोनदा घडले आहे : एकदा घरात आणि एकदा या न्यायालयात.

ही पथ्ये पाळली तर बेणारेच्या आईविषयी असे म्हणता येईल. अत्याचार घडू दिल्याचा आरोप तिच्यावर सिद्ध होत नाही, कारण तिला आधी काही ठाऊक होते याचा पुरावा नाही. सत्य समोर आल्यानंतर मुलीला एकटी सोडल्याचा आरोप मात्र संहितेच्या आधारे टिकतो. तिच्या परिस्थितीमुळे तो समजण्याजोगा होतो, पण पुसला जात नाही. शिकलेल्या, स्वाभिमानी बेणारेला पुढे पुन्हा एकदा दामल्यांसारख्या पुरुषाच्या बौद्धिक वलयावर विश्वास टाकावासा वाटला आणि पुन्हा एकदा ती एकटी पडली. या पुनरावृत्तीचे मूळ त्या पहिल्या एकाकीपणात शोधणे अवास्तव ठरू नये.

निष्कर्ष

हा विचार केवळ नाट्यसमीक्षेपुरता सीमित नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील १२,४४७ बालकांच्या पाहणीत ५३.२२ टक्के बालकांनी एका वा अनेक प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता. त्यातील सुमारे निम्मे अत्याचारी परिचयातील व विश्वासातील होते आणि बहुतांश मुलांनी कोणालाही काही सांगितले नव्हते. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा गुन्हा ठरवला आहे, व त्याला आईही अपवाद नाही. आईचे मौन आता कायद्याच्या कक्षेत आले आहे. परंतु कायदा मौन मोजतो, त्यामागची भीती आणि परावलंबन मोजण्याचे साधन साहित्याकडे आहे.

म्हणून महाविद्यालयीन वर्गात हे नाटक शिकवले जाते तेव्हा बेणारेच्या आईसंबंधीचा तो ओझरता उल्लेख सहजी ओलांडून पुढे जाता कामा नये. वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीसाठी तो नाटकातला सर्वांत महत्त्वाचा उल्लेख असू शकतो. आईची निर्भर्त्सना ऐकून ती अधिक गप्प होईल, कारण ती बेणारेप्रमाणेच आईची शपथ घेणारी असू शकते. आईचे समर्थन ऐकूनही ती गप्प होईल, कारण त्यात तिला जागा नसेल. नाटकाच्या शेवटी निश्चल पडलेल्या बेणारेजवळ सामंत आपल्या पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट ठेवतो आणि घरटे हिरावलेल्या चिमणीचे गाणे ऐकू येते. खटल्यात आरोपी म्हणून उभी केलेली ती प्रौढ स्त्री मुळात एक न राखलेले मूल होते, हे सांगणारी नाटकातली ही एकमेव साक्ष आहे. आईविषयीचा कोणताही निवाडा या साक्षीपासूनच सुरू व्हावयास हवा.